पागोळीची जागा

माजिवड्याला चौदाव्या मजल्यावर माझ्या मुलाचं घर आहे, आणि त्या घराच्या बाल्कनीत माझा ओळंबा टांगलेला आहे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे, हे त्यावरून कळतं. निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसातून मी ही एकच वस्तू घरी आणली. सून म्हणते, "बाबा, लोक बाल्कनीत कुंड्या टांगतात, तुम्ही हे काय टांगलंय?" मी म्हणतो, राहू दे गं. इतक्या उंचावर वाऱ्यामुळे तो कधीच पुरता स्थिर होत नाही. त्याच्याकडे बघत बसलं की दुपारी माझा डोळा लागतो.

खालच्या हायवेचा आवाज चौदाव्या मजल्यापर्यंत येता येता पार विरघळलेला असतो, भरतीचं पाणी खाडीत शिरताना येतो तसा. त्या आवाजात मला एक गाव दिसायला लागतं. गावात घरं नसतात, नुसत्या पांढऱ्या रेघा असतात. पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याची भुकटी टाकून घराची आखणी करतात, त्याला आमच्याकडे फक्की मारणं म्हणतात. तर सगळं गाव फक्कीचं. स्वयंपाकघरं, देवघरं, ओटे, सगळं जमिनीवर आखलेलं, आणि माणसं आपापल्या चौकोनात निवांत बसलेली. मी त्या रेघांमधून, त्यांच्यावर पाय पडणार नाही अशा बेताने चालत असतो. मग कोणीतरी मागून विचारतं, "सायेब, चालंल का?" मी उत्तर द्यायला वळतो आणि जागा होतो.

आयुष्यभर मी पंचायत समितीत अभियंता होतो. आधी कनिष्ठ, मग शाखा अभियंता. कल्याण आणि दिवा यांच्या मधल्या खाडीकाठच्या गावांत माझी नोकरी गेली. त्यातल्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर आजही चार माणसं भांडायला चौदा मजले चढून येतील. लिफ्ट बंद असली तरी येतील, अशी ती माणसं आहेत.

शहरातल्या वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी. शहरात घर बांधायचं तर नियमांचं जाडजूड पुस्तक असतं. शेजारच्या घरापासून किती अंतर सोडायचं, खांब किती जाड, जिना किती रुंद, सगळं त्यात असतं. ते कोणी पाळतं का हा वेगळा प्रश्न, पण पुस्तक असतं. आमच्या गावठाणांत पुस्तकच नव्हतं. पंचायतीकडे अर्ज करायचा, पंचायत मला विचारायची, मी जागेवर जाऊन बघायचो आणि सांगायचो. बहुतेक वेळा मी एकच शब्द सांगायचो, 'चालेल'. नियम नसलेल्या गावात अभियंत्याचं तोंड हाच नियम असतो. तरुणपणी त्याचा मला अभिमान वाटायचा, हे लपवत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटायची. एकाला बापाच्या घरावर दुसरा मजला चढवायचा होता. मी म्हटलं, खालचे खांब तपासावे लागतील. तो म्हणाला, "सायेब, खालचं घर बापाचं. बापाची परीक्षा पोरानं कशी घ्यायची?" मला हसू आलं, पण हातोडीने खांब ठोकून बघितला तर आतून भुसभुशीत आवाज आला. बापाचे खांब नापास झाले. तो माणूस पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही, आणि मग एक दिवस न सांगता घरी जिताड्याचं कालवण पाठवलं. त्याच्या पलीकडच्या वाडीत कोणाचा तरी चढवलेला मजला खाली आला होता.

आणि पदूकाका. पदूकाका तरुणपणी मिठागरात राबलेले. पुढे मिठागरं गेली, त्यावर भराव पडले, भरावांवर चाळी उभ्या राहिल्या. काकांनी मात्र चप्पल कधी घातली नाही. भरावाच्या जागेवर घर बांधायचं असलं की मी त्यांना सोबत न्यायचो. ते डोळे अर्धे मिटून अनवाणी चालायचे, टाचेने जमीन चाचपत. मध्येच थांबून म्हणायचे, "हितं पानी झोपलंय." आम्ही माणूसभर खड्डा खणायचो आणि खरंच खाली काळाशार चिखल लागायचा. पूर्वी तिथून भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचा पाट गेलेला असायचा. माती तपासायची यंत्रं मी पुस्तकात शिकलो होतो, पण पंचायत समितीला ती कधी मिळाली नाहीत. मला पदूकाका मिळाले. त्यांच्यामागून चालताना मलाही वाटायचं की पायाखाली अजून सगळं पांढरं आहे, मिठाचे ढीग रांगेत उभे आहेत, आणि आपण दोघं कोणाच्या तरी झोपेतून हळूच चाललोय.

आता त्या भिंतीकडे येतो. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, आणि तिलाच टाळत इथवर आलो.

हरिश्चंद्र आणि गणपत हे दोघे चुलत भाऊ. घरं शेजारी शेजारी, दोन्ही कौलारू. दोन घरांच्या मध्ये सहा हात रुंदीची एक बोळ होती. हिला त्या गावात पागोळीची जागा म्हणतात. पागोळी म्हणजे कौलांच्या कडेवरून पडणारी पाण्याची धार. गावाची जुनी रीत अशी की आपल्या छपराचं पाणी आपल्याच जागेत पडलं पाहिजे. भावाभावांत वाटणी झाली की एक जण हंडा घेऊन छपरावर चढायचा आणि आढ्यावरून पाणी ओतायचा. धार जिथे पडेल तिथे खाली उभे असलेले वडीलधारे खुंट्या ठोकायचे. खुंट्यांच्या पलीकडे हात टाकायचा नाही. मोजपट्टी नाही, कागद नाही, एक हंडा पाणी. त्या बोळीत धुण्याचा दगड असायचा, कोंबड्या असायच्या आणि दोन्ही घरच्या बायका तिथे भांडी घासत बोलत बसायच्या.

हरिश्चंद्रने पक्कं घर बांधायला काढलं. मी जागा बघायला गेलो ती वेळ जेवणानंतरची. त्याच्या बायकोने, मालतीने, चहा आणून दिला. मी ओट्यावर बसलो होतो. कोंबड्या सावलीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि मलाही झापड येत होती. हरिश्चंद्र म्हणाला, "सायेब, भिंत जरा पुढं सरकवतो. पागोलीची जागा आत घेतली तर बायकोला मोठं सैपाकघर व्हईल. शेजारी भाऊच हाय, परका नाय. चालंल का?"

गणपत तिथेच उभा होता. थोरल्या भावासमोर तो बोलणार नव्हता, तशी पद्धत नव्हती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आपल्याला जे बोलता येत नाही ते सायबाने बोलावं, एवढंच त्या बघण्यात होतं. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणालो असतो, पण ते खोटं होईल. मला कळलं होतं. पण चहा चांगला होता, ऊन फार होतं, आणि 'नाही' म्हटलं की का नाही ते समजवावं लागतं.

मी म्हणालो, "चालेल."

हरिश्चंद्रची भिंत गणपतच्या भिंतीला जाऊन टेकली. गणपतने आपल्या कौलांची कडा कापून घेतली आणि दोन भिंतींच्या सांध्यावर पत्र्याची पन्हळ बसवली. खाडीच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकतो किती? तीन-चार पावसाळ्यांत पन्हळीची चाळण झाली, आणि छपराचं सगळं पाणी त्या सांध्यात उतरायला लागलं. गणपतची भिंत मातीची होती. ती वर्षानुवर्षं गुपचूप पाणी पीत राहिली.

मध्यंतरी हरिश्चंद्र हृदयविकाराने गेला. त्यानंतरच्या एका श्रावणात, भर दुपारी, गणपतची ती भिंत आत पडली. भिंतीला लागून त्याच्या आईची खाट होती. म्हातारी रोज त्या वेळी तिथे झोपलेली असायची. त्या दिवशी कोळीण ओरडत दारावरून चालली होती, म्हणून बोंबील घ्यायला म्हातारी उठली. पाटी खाली उतरली, भावावरून दोघींची हुज्जत सुरू झाली, आणि मागे खाटेवर अख्खी भिंत बसली. मी तासाभराने पोचलो तेव्हा म्हातारी ओट्यावर बसली होती, हातात तेच बोंबील. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, मी हितं हाय ना?" मी म्हणालो, आहात आजी, इथेच आहात. तिने मला तीनदा तेच विचारलं.

पंचनामा मी लिहिला. त्यात पडझडीच्या कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, 'अतिवृष्टीमुळे'. खाली सही केली. त्या आठवड्यात पाऊस जेमतेम होता.

दोन्ही घरांचं बोलणं त्या दिवशी तुटलं. आगरी घरांत हळदीचं आमंत्रण म्हणजे काय असतं ते ठाण्याकल्याणकडच्यांना सांगायला नको. लग्नाला एक वेळ नाही गेलं तर चालतं, पण भावकीच्या हळदीला बोलावणं नाही म्हणजे आपण मेलो. गणपतच्या मुलीची हळद झाली तेव्हा भिंतीपलीकडे सगळं गाव जेवत होतं, आणि मालती आपल्या मोठ्या स्वयंपाकघरात एकटी बसून बेंजोचा आवाज ऐकत होती. हे तिनेच मला नंतर सांगितलं.

पुढे सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि मालतीताई सरपंच झाल्या. गावाला वाटलं, बाई सही करेल आणि कारभार पुरुष बघतील. बाई पहिल्याच महिन्यात चष्मा करून आल्या आणि प्रत्येक कागद वाचायला लागल्या. मग कोणाला काही वाटायचं राहिलं नाही.

अशात वरून परिपत्रक आलं. ज्या ग्रामपंचायतींची इच्छा असेल त्या ग्रामसभेत ठराव करून आपल्या हद्दीत बांधकामाचे नियम लागू करू शकतील. यातला 'शकतील' हा शब्द महत्त्वाचा. सरकार जेव्हा 'करावे' म्हणतं तेव्हा लोक कुरकुरत का होईना करतात. 'शकतील' म्हटलं की तो कागद कपाटात जातो. आजूबाजूच्या सगळ्या गावांत तो कपाटात गेला. मालतीताईंनी तो घडी करून पर्समध्ये घातला आणि मला बोलावून घेतलं.

"सायेब, नियम लिवा," त्या म्हणाल्या. "आमच्या गावाला कळंल असं लिवा."

मी महिनाभर बसून लिहिले. भरावावर बांधायचं तर आधी माणूसभर खड्डा खणून दाखवायचा. वर मजला चढवायचा तर खालचे खांब तपासायचे. आणि दोन घरांमध्ये अंतर सोडायचं. सरकारी भाषेत त्याला सामासिक अंतर म्हणतात. शेवटचं कलम मी फार काळजीपूर्वक लिहिलं: हे नियम फक्त नव्या बांधकामांना लागू, जुन्यांना नाहीत. असं सगळीकडेच असतं, त्यात वावगं काही नाही. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक जुनी भिंत होती, आणि तिची फाईल कोणी उघडू नये अशी माझी इच्छा होती. कलम त्यासाठीच इतकं रेखीव उतरलं.

ग्रामसभा देवळासमोरच्या मांडवात होती. सकाळची वेळ, पण उन्हाळ्याची, आणि माणसं तापलेली. मी टेबलामागे ग्रामसेवकाच्या शेजारी बसलो होतो. मी नियम वाचायला लागलो. 'सामासिक अंतर' म्हटल्यावर मागून कोणी तरी मोठ्याने जांभई दिली.

गावातल्या तरुणांचा एक गट होता, त्यांना चाळी पाडून चार-चार मजले बांधायचे होते. त्यांच्यातला निलेश उठला. "साहेब, दिव्याला बघा. भिंतीला भिंत लावून बिल्डिंगी उभ्या आहेत. कोणाचं काय झालं? आपण काय येडे आहोत का जागा मोकळी सोडायला? इकडे हातभर जागेला भाव आहे."

"दिव्याला खिरकीतून हात काढला का शेजारच्याच्या ताटात जातो," पदूकाका बसल्या जागेवरून म्हणाले. लोक हसले, पण निलेशच्या बाजूनेही माना हलल्या. ठराव पडणार, हे मला दिसायला लागलं. खरं सांगायचं तर आतून कुठेतरी मला बरंही वाटलं. ठराव पडला की कागद कपाटात जाणार होता.

तेवढ्यात गणपत उठला. इतक्या वर्षांत तो मालतीताईंशी पहिल्यांदा बोलत होता, तेही साऱ्या गावासमोर.

"वैनी, नियम चांगला हाय. पन आधी तुजी भिंत बग. तिच्यापायी माजी आय मरत व्हती. तू आमाला अंतर सोरायला सांगतंस?"

निलेशने संधी साधली. "बरोबर बोलतोय काका. आणि ताई, ती भिंत बांधायला परवानगी दिली कोणी? तेवढं तरी सांगा."

मालतीताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी ओट्यावर चहा त्यांनीच आणून दिला होता. माझं 'चालेल' त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर त्या सुटत होत्या. सायबानेच सांगितलं, आम्हा अडाणी माणसांना काय कळतं, एवढं म्हटलं की पुरे होतं. आणि मीही उठू शकत होतो. टेबलावर हात टेकून, 'परवानगी मी दिली', असे तीन शब्द बोलायचे होते. मी समोरच्या कागदांचे कोपरे जुळवत बसलो.

"भिंत माजी हाय," मालतीताई म्हणाल्या. "परवानगी कोनाची पन असंल. भिंत माजीच हाय."

मग त्या गणपतकडे वळल्या. "भावोजी, तुमच्या आढ्यावरनं हंडा वतायचा हाय. परवानगी देताव?"

गणपत घराकडे चालायला लागला आणि सगळी ग्रामसभा उठून त्याच्यामागे गेली. सभेचं असं उठून जाणं कुठल्या नियमात बसतं ते ग्रामसेवकाला आजही ठाऊक नसेल. गणपत स्वतः छपरावर चढला. खालून तांब्याचा हंडा हातोहात वर गेला. पूर्वी वाटण्यांना वापरायचे तसा, आंब्याचा टहाळा ठेवलेला. त्याने आढ्यावरून पाणी ओतलं.

पाणी कौलांच्या नळ्यांतून लखलखत खाली आलं, सांध्यापाशी पोचलं आणि नाहीसं झालं. खाली वडीलधारे खुंट्या हातात घेऊन उभे होते, पण धार कुठे पडलीच नाही. मला ती वेळ फार लांबलेली आठवते, ऊन, ओली कौलं आणि सांध्याकडे वळलेल्या दोनशे माना. मग आतून गणपतच्या आईचा आवाज आला, "अरं, हितं बगा, माज्या खाटंखाली आलं." पडलेल्या भिंतीच्या जागी गणपतने बांधलेल्या नव्या विटांच्या भिंतीच्या बुडातून पाणी झिरपून खोलीत आलं होतं.

पदूकाका कोणाला न विचारता मालतीताईंच्या घरात शिरले. अनवाणी पायांनी फरशीवर टाचा टेकवत स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याच्या अलीकडे थांबून म्हणाले, "तुजी खुंटी हितं व्हती. मीच ठोकलेली."

"सायेब, फक्की मारा," मालतीताई म्हणाल्या.

आयुष्यात शेकडो घरांची फक्की मी मारली असेल, पण ती सगळी घर उभं राहण्याआधी. उभ्या घरात, फरशीवर, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर मारलेली ती एकच. पहिली रेघ वाकडी आली. मी दोरी धरून पुन्हा मारली. रेघेच्या पलीकडे सगळं स्वयंपाकघर गेलं. मालतीताईंनी रेघेकडे बघितलं, शेगडीवरचं चहाचं भांडं उचललं आणि अलीकडे आणून ठेवलं.

ठराव तिथेच, अंगणात, हात वर करून मंजूर झाला. निलेशचा हात वर होता की नव्हता यावर अजून वाद आहेत. अंतराच्या कलमातले माझे शब्द खोडून मी तिथेच नवे लिहिले: 'प्रत्येक घराने आपली पागोळी आपल्या जागेत सोडावी. स्लॅबच्या घराला पागोळी नसली तरी तीन हात सोडावेच.' त्याला कोणी जांभई दिली नाही.

नियम जुन्या घरांना लागू नव्हता. मालतीताईंनी तरीही आठ दिवसांत ती खोली पाडली. खांब कुठला ठेवायचा आणि तुळई कुठे कापायची हे बघायला मी रोज जात होतो. रोज ठरवायचो की आज त्यांच्याशी बोलायचं, आणि रोज तुळईबद्दल बोलून परत यायचो.

नियम झाले म्हणून गावाचा स्वर्ग झाला नाही. कोणी तीन हातांचे अडीच केले, कोणी खड्डा न खणताच 'खणला' म्हणून सांगितलं. हद्दीबाहेर तर पाच-पाच मजले भिंतीला भिंत लावून उभे राहतच आहेत. पण परवानगीचा कागद आणणाऱ्याला हल्ली गावात विचारतात, "पागोली सोरली का?" एवढं झालं. पदूकाका आता नाहीत.

मी निवृत्त झालो, माजिवड्याला आलो, ओळंबा टांगला. परवाच्या वैशाखात मालतीताईंच्या मुलाच्या हळदीचं आमंत्रण आलं. फोनवर म्हणाल्या, "दुपारीच या, म्हंजे निवांत बोलता येईल." गेलो. मांडव दोन्ही घरांच्या मिळून अंगणात होता. गणपत भटारखान्याशी उभा राहून सगळ्यांना दरडावत होता. त्याची आई खुर्चीवर बसली होती, तिला आता नीट दिसत नाही. मी पाया पडलो. कोण म्हणून तिने विचारलं, मी 'साहेब' म्हणालो. ती म्हणाली, "बस. जेवून जा."

मी बोळीत गेलो. सहा हात मोकळी जागा. धुण्याचा दगड परत आला होता, कोंबड्याही. वरून उन्हाचा पट्टा दोन्ही भिंतींच्या मध्ये पडला होता आणि हळद दळलेल्या जात्याचा वास येत होता. मला क्षणभर कळेना की मी जागा आहे की बाल्कनीत खुर्चीवर आहे. मागून मालतीताई आल्या, हातात चहा. तशीच दुपार होती, तीच जागा, आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून एकदाचं निघालं.

"ताई, त्या दिवशी सभेत माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी कप माझ्या हातात दिला. "तुमचं नाव मी कशाला घेऊ, सायेब? माजी भिंत व्हती, ती मी पारली." त्या जायला वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "तुमचं तुमी बगा."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. 'मीठ हवं तर वाढून घ्या' म्हणावं तितक्या सहज बोलल्या. मी त्या बोळीत चहा थंड होईपर्यंत उभा राहिलो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले काही गमतीदार अनुभव' मागितले होते. जितके होते तितके वर दिले आहेत. उरलेल्या मजकुरासाठी ही जागा वापरतो. अंकाची एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीला पाठवतो आहे. मजकूर असा:

गणपत यांच्या घराच्या भिंतीच्या पंचनाम्यात पडझडीचं कारण 'अतिवृष्टीमुळे' असं लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. ती भिंत माझ्या 'चालेल'मुळे पडली. हा कागद त्या पंचनाम्यासोबत जोडून ठेवावा, ही विनंती.

अनंत सोमण
निवृत्त शाखा अभियंता